गाडी अमेरिकेची, तोफ ब्रिटनची

सोव्हिएत टी-34 रणगाड्यावर ब्रिटिश 17 पौंडी तोफ (नाव गोळ्याच्या वजनावरून), ब्रिटिश चर्चिल रणगाड्यावर रशियन 85 मि.मी.ची. दुसऱ्या महायुद्धाच्या अभ्यासकांना अशा न झालेल्या जोड्यांची चित्रं काढायला फार आवडतं. चित्रात नळी लांब केली की काम भागतं. खरी अडचण टरेटच्या, म्हणजे तोफ असलेल्या फिरत्या बुरुजाच्या आत असते. तोफ डागली की ती झटक्यात मागे येते; तेवढी जागा लागते, शिवाय गोळा भरणाऱ्याला हात हलवता आले पाहिजेत.

ही अडचण प्रत्यक्षात सोडवली गेली ती शर्मन फायरफ्लायमध्ये, म्हणजे 17 पौंडी तोफ बसवलेल्या अमेरिकन शर्मन रणगाड्यात. 1943 साली शर्मनची मूळची 75 मि.मी. तोफ जर्मन टायगर रणगाड्याच्या समोरच्या चिलखतापुढे तोकडी पडत होती. ब्रिटनकडे 76.2 मि.मी.ची जबरदस्त 17 पौंडी तोफ होती, पण त्यांच्या क्रॉमवेल रणगाड्यात ती मावत नव्हती. ब्रिटिश पुरवठा मंत्रालयाची भिस्त होती नव्या चॅलेंजर रणगाड्यावर. तो शेवटी जेमतेम 200 बनला. इंग्लंडमधल्या लुलवर्थच्या रणगाडा-तोफ शाळेतल्या मेजर जॉर्ज ब्रायटी यांनी मात्र शर्मनचाच हट्ट धरला. तोफेला मागे यायला जागा नाही, तर त्यांनी ती जागच्या जागी जखडूनच टाकली. सगळा धक्का रणगाड्याने सोसायचा! लेफ्टनंट कर्नल जॉर्ज विदरिज त्यांच्या मदतीला आले. काम थांबवायचा हुकूम सुटला, तेव्हा विदरिज यांनी वरपर्यंत खटपट करून परवानगी मिळवली. ही चिकाटी नसती तर फायरफ्लायसुद्धा आज चित्रातच राहिला असता.

जखडलेली तोफ लढाईत चालणार नव्हती. व्हिकर्स या ब्रिटिश शस्त्रकंपनीचे अभियंते किलबर्न यांनी धक्का शोषणारी यंत्रणा आखूड करून नव्याने आखली. तोफ कुशीवर वळवली, म्हणजे गोळा डावीकडून भरता आला. वायरलेस सेट टरेटमागच्या चिलखती पेटीत गेला. चालकाशेजारच्या मशीनगनवाल्याची जागा काढून तिथे गोळे ठेवले. 1944 च्या सुरुवातीला उत्पादन सुरू झालं आणि नॉर्मंडीच्या चढाईपर्यंत तीनशेहून अधिक गाड्या तयार होत्या. साधारण चार रणगाड्यांत एक फायरफ्लाय असे. लांब नळी बघून जर्मन तोफची आधी फायरफ्लायलाच टिपत, म्हणून नळीचा पुढचा भाग रंगाने लपवला जाई. 8 ऑगस्ट 1944 रोजी नॉर्मंडीतल्या सेंत-एन्यान-द-क्रामेनीलजवळ जो एकिन्स या तोफचीने एका फायरफ्लायमधून तीन टायगर उडवले.

सोव्हिएतांनीही असे प्रयोग केले. गॉर्कीच्या कारखान्यात ब्रिटिश मॅटिल्डा रणगाड्यावर 76 मि.मी.ची रशियन तोफ बसवून पाहिली. टरेटमध्ये दाटी झाली आणि बेत नमुन्यापुरताच राहिला. शर्मनवर एफ-34 ही रशियन तोफ बसवण्याचाही विचार झाला, पण अमेरिकन गोळे पुरेसे येत होते, तेव्हा गरजच उरली नाही.

टी-34 वर 17 पौंडी? टरेट ज्यावर फिरतं ते कडं शर्मनचं 1753 मि.मी. रुंद, टी-34 चं फक्त 1420. स्वतःची 85 मि.मी. तोफ बसवतानाही सोव्हिएतांना ते 1600 पर्यंत वाढवून टरेट नवं करावं लागलं.