सशाचं न वाहणारं गळू

घरात कुणाला गळू झालं की जवसाचं गरम पोटीस बांधायची पद्धत होती. गळू पिकायचं, फुटायचं, पू वाहून जायचा आणि ठणका थांबायचा. हा अनुभव आपल्यात इतका मुरलेला आहे की पाळलेल्या सशाच्या जबड्याखाली टेंगूळ दिसलं तरी तेच सुचतं. चीर द्यावी, पू काढावा, आठवडाभर औषध द्यावं. सशाच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. वरची जखम भरते आणि काही दिवसांनी टेंगूळ पुन्हा त्याच जागी उभं राहतं.

कारण सशाचा पू वाहतच नाही. आपला पू पातळ होतो तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइम्समुळे. सशाच्या या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे विकर फार कमी असतं आणि पू घट्ट राहण्याचं कारण म्हणून तेच सांगितलं जातं. हा पू टूथपेस्टसारखा, कधी तर चक्क्यासारखा असतो. त्याच्याभोवती शरीर एक जाड पिशवी विणतं. या पिशवीच्या आत रक्त पोचत नाही, आणि रक्त नाही तिथे औषधही नाही. म्हणून सशाचं गळू रिकामं करून भागत नाही, ते पिशवीसकट काढावं लागतं.

बरं, ते मुळात येतं कुठून? बहुतेक वेळा दातांतून. सशाला २८ दात असतात. पटाशीचे ६ आणि आतल्या बाजूला दाढा-उपदाढा मिळून २२. यातला प्रत्येक दात जन्मभर वाढतो. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. दाताचं मूळ आपल्यासारखं बंद होत नाही. ते उघडं राहतं आणि तिथे नवा दात घडतच असतो. वाढ आणि झीज यांचा हिशेब जुळला तरच तोंड नीट राहतं. झीज करायचं काम गवताचं. गवतात सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते चावताना सशाचा जबडा आडवा, जात्यासारखा फिरतो. तासन्‌तास चालणारं हे दळण दातांना कानस लावतं.

चित्रांमधला ससा गाजर खातो. घरातल्या सशालाही आपण गाजर, पोळी, बिस्किट, दाणे घालतो आणि त्याच्या बशीत गवत मात्र नसतं. मऊ खाणं दोन-चार वेळा चावलं की संपतं. मग दाढांच्या कडा काट्यासारख्या टोकदार होतात. खालच्या दाढांचे काटे जिभेत रुततात, वरच्यांचे गालात. पण खरा धोका दिसत नाही त्या बाजूला असतो. समोरच्या दाताला टेकलेला दात पुढे वाढू शकत नाही, म्हणून तो मागे, हाडाच्या दिशेने सरकतो. खालच्या दाढांची मुळं जबड्याच्या कडेला उंचवटे आणतात. वरच्या मागच्या दाढांची मुळं तर थेट डोळ्याच्या खोबणीखाली असतात. हाड पातळ होतं, दाताभोवती फट पडते, तोंडातले जंतू आत शिरतात. आहार हे एकमेव कारण नाही. आखूड तोंडाच्या जातींत जबड्याची ठेवणच वाकडी असू शकते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचाही संबंध लावला जातो. पण बदलता येण्यासारखी गोष्ट आहारच आहे.

एक डोळा हळूहळू पुढे येऊ लागला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली तिसरी, पातळ पापणी दिसू लागली, पापणी पुरती मिटेना, की डोळ्यामागे गळू असण्याची शंका घ्यायची. डोळ्यात थेंब घालून ते बरं होत नाही, कारण दुखणं डोळ्याचं नसतंच. नुसतं पाणी गळत असेल तरी तोंड तपासून घ्यावं. अश्रू नाकात नेणारी नळी पटाशीच्या मुळाला चिकटून जाते, मूळ लांबलं की ती दबते. दोन्ही डोळे एकदम पुढे आले तर मात्र छातीत गाठ नाही ना, हे पाहावं लागतं.

नुसतं तोंड उघडून पाहिलं तर मुळं दिसत नाहीत. कवटीचा एक्स-रे किंवा शक्य असल्यास सीटी स्कॅन लागतो. मग भूल देऊन पिशवी काढणं, रोगट दात उपटणं, कुजलेलं हाड खरवडणं. बऱ्याचदा जखम शिवून बंद करत नाहीत, तिच्या कडा त्वचेला शिवून तोंड उघडं ठेवतात आणि काही आठवडे रोज धुतात. कधी प्रतिजैविक भरलेले मणी आत ठेवतात. डोळ्यामागचं गळू काढण्यासाठी कधीकधी डोळाच काढावा लागतो. सशाच्या खोबणीत नीलांचं मोठं जाळं असतं, त्यामुळे तिथे रक्तस्राव लवकर होतो. सशांची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या पशुवैद्यांकडेच हे काम द्यावं.

औषधाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचं सिरप सशाला कधीही पाजू नका. अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे गेलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू माजतात आणि ससा काही दिवसांत दगावू शकतो. पेनिसिलिन हे गळूतल्या जंतूंवर उत्तम औषध आहे, पण सशाला ते इंजेक्शनानेच द्यायचं, तेही डॉक्टरांनी.

शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवत नाहीत. त्याला उलटी होत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात. दुखणाऱ्या सशाचं खाणं थांबणं हेच मोठं संकट असतं. म्हणून वेदनाशामक आणि पिचकारीने भरवलेला गवताच्या पिठाचा लगदा ही उपचाराचीच अंगं आहेत. लेंड्या लहान झाल्या, हनुवटी ओली राहिली, गवत सोडून मऊच खाऊ लागला, तर वाट पाहू नका. ससा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवण्यात त्याचा जीव वाचत आलेला आहे. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावं आणि जबड्याखालून बोट फिरवावं.

सगळे वाचत नाहीत. हाडात खोल गेलेलं गळू परत परत येतं आणि कधी वेदना थांबवण्यासाठी शांतपणे निरोप द्यावा लागतो. पण डोळा गमावलेले कितीतरी ससे वर्षानुवर्षं आनंदाने राहतात. अशा सशाजवळ जाताना दिसत्या डोळ्याच्या बाजूने जावं आणि हात लावण्याआधी हळूच हाक मारावी. गवताची जुडीही त्याच बाजूला ठेवावी.