न्यूफाउंडलंड १९०८-०९: एकाला नाकारलेली बरखास्ती दुसऱ्याला कशी मिळाली?

२ नोव्हेंबर १९०८ च्या मतदानानंतर न्यूफाउंडलंडच्या, म्हणजे कॅनडाच्या पूर्वेकडच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या बेटाच्या, ३६ जागांच्या विधानसभेत दोन्ही पक्षांचे अठरा-अठरा आमदार निवडून आले. सत्तेवर असलेले पंतप्रधान रॉबर्ट बाँड यांनी चार वर्षांपूर्वी ३० जागा जिंकल्या होत्या. १९०४ मध्ये फ्रेंचांचे किनाऱ्यावरचे मासेमारीचे जुने हक्क संपले, तेव्हा त्यांची चलती होती. मग १९०५ मध्ये त्यांनी अमेरिकी मच्छीमार बोटींवर निर्बंध घालणारा कायदा आणला आणि तो अंगाशी आला. या बोटींना हेरिंग मासे विकून पोट भरणारे पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी चिडले. पुढच्याच वर्षी लंडनने अमेरिकेशी तात्पुरता करार करून कायद्याची धारच काढून घेतली. १९०७ मध्ये एडवर्ड मॉरिस हा त्यांचा एक वजनदार मंत्री रस्त्यावरच्या मजुरांच्या मजुरीचे निमित्त करून बाहेर पडला आणि त्याने नवा पक्ष काढला. बरोबरी झाली ती याच पक्षाशी.

न्यूफाउंडलंडला ‘डोमिनियन’ (साम्राज्यातला स्वशासित देश) म्हणायला नुकतीच, म्हणजे १९०७ पासून, सुरुवात झाली होती. शब्द भारदस्त असला तरी परराष्ट्र व्यवहार लंडनकडेच होते आणि गव्हर्नरही तिथूनच येई.

बरोबरीत अडचण होती ती सभागृहाच्या अध्यक्षपदाची. जो पक्ष आपला आमदार अध्यक्षाच्या खुर्चीत बसवणार, त्याचे सभागृहात सतराच उरणार, कारण अध्यक्षाला मत देता येते ते फक्त समसमान मते पडल्यावर. मग आपला माणूस द्यायचा कोणी? पंतप्रधान बाँड यांनी सभागृह न भरवताच त्याची बरखास्ती, म्हणजे नवी निवडणूक, मागितली. गव्हर्नरने ती नाकारली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि मार्च १९०९ मध्ये फुटून गेलेले मंत्री मॉरिसच पंतप्रधान झाले. संख्याबळ तेच, अठरा. सभागृह भरले, पण अध्यक्ष काही निवडता आला नाही. मग या नव्या पंतप्रधानांनी बरखास्ती मागितली आणि ती मिळाली.

गव्हर्नरची बाजू अशी मांडता येते की पहिल्याने सभागृहाला तोंडच दिले नव्हते, दुसऱ्याने निदान प्रयत्न केला. नियमाच्या पुस्तकात हे बसते. पण त्या प्रयत्नाचा निकाल शेंबड्या पोरालाही आधीच सांगता आला असता. मे महिन्यातली निवडणूक मॉरिस यांनी सत्तेत राहून लढवली, रस्ते-धक्क्यांची कामे वाटण्याचा अधिकार हातात ठेवून. प्रचारात वेस्टर्न बे या गावी माजी पंतप्रधान बाँड बोटीतून उतरत असताना त्यांना धक्क्यावरून पाण्यात ढकलण्यात आले. निकाल लागला मॉरिस यांच्या बाजूने, २६ विरुद्ध १०.

कॅनडात १९२६ साली हाच पेच पुन्हा पडला. तिथेही एकाला बरखास्ती नाकारली आणि दुसऱ्याला काही दिवसांतच दिली. मात्र मतदारांनी कौल दिला तो नकार मिळालेल्याला. न्यूफाउंडलंडच्या माजी पंतप्रधानांना पुन्हा सत्ता मिळाली नाही.

१९०८ च्या मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी हेरिंग नेक या छोट्याशा बंदरात कोळ्यांनी आपली संघटना उभी केली. १९१३ मध्ये तिचे आठ आमदार सभागृहात बसले. पुढे महायुद्धाचे आणि रेल्वेचे कर्ज इतके साचले की १९३४ मध्ये विधानसभाच गुंडाळून कारभार लंडनने नेमलेल्या आयोगाच्या हाती गेला. १९४९ मध्ये कॅनडात सामील होईपर्यंत तिथे अध्यक्ष निवडायची वेळच आली नाही.