शोधनिबंध खुला, पण स्लाइड?

कर्करोगाचं निदान आजही बहुतेक वेळा काचेच्या स्लाइडवरच ठरतं. गाठीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप, हिमॅटॉक्सिलिनने निळी-जांभळी झालेली केंद्रकं, इओसिनने गुलाबी झालेला बाकीचा भाग. त्यावर शोधनिबंध लिहिला की वाचकाच्या वाट्याला मात्र लेखकाने निवडलेले दोन-चार फोटोच येतात. उरलेल्या स्लाइडवर काय होतं, ते लेखकाच्या शब्दावर मानायचं. ही उणीव भरून काढता येणं, हीच डिजिटल पॅथॉलॉजीची, म्हणजे स्लाइड स्कॅन करून संगणकावर पाहण्याच्या पद्धतीची, मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू आहे.

सुरुवात झाली ती दूरवरून निदान करण्याच्या गरजेतून. १९८६ मध्ये अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून टेक्ससमधल्या एल पासो इथली स्लाइड उपग्रहामार्फत पाहून दाखवली. अख्खी स्लाइड टिपणारे स्कॅनर आले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. दीड सेंटिमीटर लांबी-रुंदीचा काप पाव मायक्रॉनला एक पिक्सेल या हिशेबाने टिपला, तर ३६० कोटी पिक्सेल होतात! म्हणून प्रतिमा लहान-मोठ्या आकारांच्या थरांत साठवतात, आणि पाहणारा जिथे जाईल तेवढाच तुकडा उघडतो.

याच सुमारास जर्नल्स वाचकांना मोफत खुली करण्याची चळवळ उभी राहत होती. तिचा बुडापेस्टचा जाहीरनामा २००२ चा. यात मुंबईचा वाटा आहे, आणि तो आवर्जून सांगायला हवा. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ डॉ. डी. के. साहू यांच्या ‘मेडनो’ या प्रकाशन कंपनीने इंटरनेटवर खुलं केलं. पुढे कितीतरी भारतीय जर्नल्स त्याच वाटेने गेली. तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत लेखकाकडून शुल्क नव्हतं, ऑनलाइन वाचकाकडूनही नव्हतं. छापील अंकाच्या वर्गणीवर मोठा भार होता. २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी इन्फॉर्मॅटिक्स’ हे अमेरिकी संघटनेचं खुलं जर्नल निघालं, तेही मेडनोकडूनच. पुढच्याच वर्षी मेडनो वोल्टर्स क्लुवर कंपनीकडे गेली.

प्रत्येक स्कॅनर कंपनीचा फाइल फॉरमॅट वेगळा, ही मोठी अडचण होती. त्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या ‘ओपनस्लाइड’ या मोफत सॉफ्टवेअरची माहिती २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी इन्फॉर्मॅटिक्स’मध्येच आली. ‘डायग्नोस्टिक पॅथॉलॉजी’ या खुल्या जर्नलने तर लेखासोबत अख्ख्या स्लाइडची लिंक देण्याचाही प्रयोग केला. नेदरलँड्समधून २०१६ च्या कॅमेलिऑन स्पर्धेसाठी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लसिका ग्रंथींच्या ४०० स्लाइड खुल्या झाल्या, आणि संगणकाला निदान शिकवणाऱ्या जगभरच्या गटांना एकच कसोटी मिळाली.

तरीही निबंध खुला आणि स्लाइड मात्र ‘विनंती केल्यास उपलब्ध’, असं अजून सर्रास दिसतं. साठवणुकीचा खर्च हे एक कारण. रुग्णाची गोपनीयता हे दुसरं आणि अधिक रास्त. कित्येक स्कॅनर काचेवर चिकटवलेल्या लेबलचाही फोटो घेऊन त्याच फाइलमध्ये ठेवतात. त्यावर रुग्णाचं नाव किंवा केस नंबर असू शकतो. तो काढल्याशिवाय फाइल कुणासाठीही खुली करता येत नाही.