आवृत्ती-नियंत्रणातील एज केस

आवृत्ती-नियंत्रणातील एज केस : फाइलींमधील बदलांचा इतिहास राखणारी साधने रोजच्या वापरात बिनचूक चालतात, पण नाव, वेळ, आशय आणि जागा यांची एखादी विरळ जुळणी समोर आली की अडखळतात. अशा स्थितीला एज केस म्हणतात. यांतील बहुतेक दोष साधनाच्या मूळ तर्कात नसतात. ‘फाइल म्हणजे काय’ याविषयी साधनाची आणि खालच्या फाइल-व्यवस्थेची समजूत जिथे वेगळी असते, तिथे ते उद्भवतात. कमिट (बदलांची नोंद करणे), ब्रांच (इतिहासाची वेगळी शाखा काढणे), मर्ज (शाखा एकत्र करणे) या नित्याच्या क्रियांचा येथे विचार केलेला नाही.

बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली १९७२ च्या सुमारास रचली. तिच्यावरील निबंध १९७५ चा आहे. आरंभ सांगताना आधीचे वर्ष धरणे अधिक योग्य. ही प्रणाली आणि वॉल्टर टिची यांची आरसीएस (१९८२ च्या सुमारास) एकेका फाइलीचा स्वतंत्र इतिहास ठेवत. पुढच्या सीव्हीएस या प्रणालीने आरसीएसचीच साठवण स्वीकारली, त्यामुळे फाइलीचे नाव बदलले की इतिहासाचा धागा तुटे. सबव्हर्जन या प्रणालीने (आवृत्ती १.०, २००४) नामांतराला ‘नक्कल करणे व जुने काढणे’ अशा दोन क्रियांचे रूप दिले.

नामांतराची नोंद ठेवावी की ते अनुमानाने ओळखावे, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे गिट आणि मॅट मॅकॉल यांचे मर्क्युरिअल ही साधने जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. मर्क्युरिअल ‘ही फाइल अमुक फाइलीपासून आली’ असे इतिहासातच लिहून ठेवते. गिट काहीच लिहीत नाही. तुलनेच्या वेळी नाहीशी झालेली आणि नव्याने आलेली फाइल निदान ५० टक्के सारखी असेल तर ते नामांतर मानते. टोरवाल्ड्स यांचा युक्तिवाद असा की आशय फाइलींच्या सीमा ओलांडून फिरतो. एखादे फंक्शन एका फाइलीतून दुसरीत जाते, आणि फाइलीपुरती नोंद ते टिपू शकत नाही. उलट पक्ष म्हणतो की बदल करणाऱ्याचा हेतू त्या क्षणी ठाऊक असतो, तो टाकून का द्यावा? नोंद ही वापरणाऱ्याने साधनाला सांगण्यावर विसंबते आणि माणसे सांगायला विसरतात, म्हणून अनुमानाचा पक्ष सरस वाटतो. मात्र सर्वांत कठीण एज केसही त्याच्याच वाट्याला आल्या आहेत. चार ओळींच्या फाइलीत तीन ओळी बदलल्या की साम्य मर्यादेखाली जाते. एकसारख्या आशयाच्या अनेक फाइली असतील तर कोणती कोठून आली हे सांगता येत नाही. एका शाखेत संपूर्ण डिरेक्टरीचे नाव बदलले आणि दुसऱ्या शाखेत जुन्या डिरेक्टरीत नवी फाइल आली, तर ती फाइल कुठे जावी? गिट हे २.१८ मध्ये (२०१८) शिकले. एलायजा न्यूरेन यांनी नव्याने लिहिलेली ‘ऑर्ट’ ही मर्ज-पद्धती २.३४ पासून (२०२१) मूळ पद्धत झाली.

नावांचे दोष याहून फसवे. लिनक्सला नाव म्हणजे बाइटांची ओळ; विंडोज आणि मॅकवरील प्रचलित फाइल-व्यवस्था रोमन लहान-मोठी अक्षरे एकच मानतात. लिनक्स कर्नेलच्या नेटफिल्टर विभागात फक्त अक्षरांच्या लहान-मोठेपणाने वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत. विंडोजवर चेकआउट करताना (संग्रहातून, म्हणजे रिपॉझिटरीतून, फाइली डिस्कवर उतरवताना) जोडीतील एक फाइल दुसरीवर लिहिली जाते आणि कोणी हात न लावताही ‘बदललेली’ दिसते. देवनागरी नावांत हा प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. ‘दुसऱ्या’तील ऱ एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी, युनिकोड दोन्ही समान मानते. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावे विघटित रूपात साठवी, म्हणून बाहेरून आलेली फाइल एकाच वेळी हरवलेली आणि अनोळखी अशी दोनदा दिसे. गिट १.७.१२ मध्ये (२०१२) यावर नावे पुन्हा जोडून घेण्याची सोय आली. ‘ॲ’ला तिचा उपयोग नाही. युनिकोड ५.१ मध्ये (२००८) आलेला एकसंध ॲ आणि अ-वर चंद्र देऊन लिहिलेला ॲ यांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे डोळ्यांना एक दिसणारी दोन नावे दोन फाइली होतात.

अर्धा ऱ लिहिण्यासाठी काही कळफलक शून्य-रुंदीचे जोडचिन्ह वापरतात. एचएफएस प्लस नावांची तुलना करताना असली अदृश्य चिन्हे वगळत असे, आणि त्यातूनच सीव्हीई-२०१४-९३९० (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतील क्रमांक) हा गंभीर सुरक्षा-दोष निघाला. गिटच्या स्वतःच्या अंतर्गत डिरेक्टरीच्या नावात असे चिन्ह घुसवले, किंवा एखादे अक्षर मोठे केले, की साधनाला ते वेगळे नाव वाटे. डिस्कवर मात्र तीच डिरेक्टरी उघडे आणि परक्या संग्रहातील सामग्री तिथे लिहिली जाऊन आज्ञा चालवता येत. डिसेंबर २०१४ मध्ये गिट २.२.१ आणि जुन्या शाखांत दुरुस्ती झाली. मर्क्युरिअललाही तशीच करावी लागली.

वेळेचा दोष वेगळ्या जातीचा. प्रत्येक वेळी आशय वाचणे महाग पडते, म्हणून गिट इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी ठेवलेल्या फाइलींच्या यादीत) फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ टिपून ठेवते. इंडेक्स लिहिला त्याच क्षणात फाइलीत तेवढ्याच आकाराचा बदल झाला, तर दोन्ही आकडे जुळतात आणि बदल दिसत नाही. यावरची तोड : फाइलीची वेळ इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा नंतरची असेल, तर आकड्यांवर न विसंबता आशय पडताळायचा.

दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. दोष दाखवणारा लहानात लहान संग्रह बनवायचा, नापास होणारी चाचणी लिहायची, दोष कोणत्या कमिटने आणला ते इतिहास निम्म्या-निम्म्याने छाटत (बायसेक्ट) शोधायचे. चाचणी पुढे कायम राहते. पण जुना इतिहास दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक कमिटची ओळख आशयावरून काढलेल्या हॅशवर (ठरावीक लांबीच्या सांकेतिक ठशावर) उभी असते, एक चुकीचे नाव बदलले तर पुढच्या सर्व ओळखी बदलतात. म्हणून साधनाने नवी चूक अडवायची आणि जुनी वाचता येण्याजोगी ठेवायची असते.

हॅशही निर्दोष नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था व गूगल यांनी शा-१ या हॅश काढण्याच्या रीतीने एकच हॅश येणाऱ्या दोन भिन्न पीडीएफ फाइली प्रसिद्ध केल्या. त्या चाचणीसाठी वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या सबव्हर्जन संग्रहात टाकल्यावर तो संग्रहच बिघडला, कारण समान हॅशच्या फाइली एकदाच साठवल्या जात. गिट आशयापुढे प्रकार व आकार जोडून हॅश काढते, त्यामुळे त्याच दोन फाइलींची टक्कर तिथे झाली नाही, तरीही २.१३ पासून टक्कर ओळखणारी शा-१ तिथे रूढ करण्यात आली.