गॅम्बेसन की आर्मिंग डब्लेट? पोलादी कवचाच्या आतल्या कपड्याचा घोळ

मध्ययुगीन युरोपातल्या पोलादी कवचाच्या आत काय घालत, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: खाली जाड गॅम्बेसन (टिपा घातलेला गादीसारखा कापडी अंगरखा), त्यावर कड्यांचं चिलखत, त्यावर पत्रा. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे उत्तर चालून जातं. गॉटलंड बेटावर व्हिस्बी इथे १३६१ मध्ये लढाई झाली. तिथल्या सामुदायिक थडग्यांत कड्यांची चिलखतंही निघाली आणि आतून पत्रे ठोकलेले कोटही. पण पुढे १४२०च्या सुमारास गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं अंग पोलादात गेलं, तेव्हा आतला कपडाही बदलला. त्या बदललेल्या कपड्याला आज आर्मिंग डब्लेट म्हणतात. आणि आज हौसेने असं कवच बनवून घेणारे सर्वांत जास्त पैसे घालवतात ते हा फरक न कळल्यामुळे.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही कपडे टिपा घातलेले, दोन्ही पुढून बंद होणारे, आणि त्या काळचे लेखनिकही अशा कपड्यांची नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. म्हणून नावावर विसंबू नये, काम पाहावं. गॅम्बेसन हे स्वतःच चिलखत आहे. वार थोपवायचा तो कापडानेच. आर्मिंग डब्लेटवर वार थोपवण्याची जबाबदारी जवळजवळ नसते. त्याचं काम नाड्यांनी बांधलेलं कवच अंगावर जागच्या जागी टांगून ठेवण्याचं.

आधी गॅम्बेसन. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ११८१ मध्ये कोणी कोणतं शस्त्र बाळगायचं याचा हुकूम काढला. सोळा मार्कांची (मार्क हे तेव्हाचं पैशाचं एकक) मालमत्ता असलेल्याने पूर्ण चिलखत ठेवायचं, दहा मार्कवाल्याने त्याहून हलकं, आणि बाकीच्या स्वतंत्र रयतेने गॅम्बेसन, लोखंडी टोपी आणि भाला. म्हणजे साध्या पायदळ्याचं संपूर्ण संरक्षण हाच कपडा होता. १२५०च्या आसपासच्या 'राजाचा आरसा' या नॉर्वेजियन ग्रंथात घोडेस्वाराला दोन गॅम्बेसन सांगितली आहेत. मऊ असेल ते सर्वांत आत, त्यावर छातीपुरता लोखंडी पत्रा, त्यावर कड्यांचं चिलखत, आणि सर्वांत वर टणक, बिनबाह्यांचं दुसरं गॅम्बेसन. एकाच माणसाच्या अंगावर, एकाच नावाचे, दोन वेगळ्या कामांचे कपडे!

जाडी किती, याचा सर्वांत नेमका आकडा फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या हुकुमात सापडतो. पंधराव्या शतकातल्या त्याच्या सैनिकांच्या 'जॅक'ला, म्हणजे गॅम्बेसनच्याच वंशातल्या कपड्याला, कापडाचे तीस थर असावेत. ते नसतील तर निदान पंचवीस आणि त्यावर हरणाचं कातडं. कापड नवं नको, वापरून मऊ झालेलं हवं. गोधडी शिवणाऱ्या घरात याचं कारण विचारावं लागत नाही: जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर बसतात, नवं खळीचं कापड फुगून राहतं आणि सुई अडवतं. बाहीचं भोक मोठं, गळपट्टी मागून बेताची म्हणजे शिरस्त्राण टेकायला जागा राहील, अशा बारीक सूचनाही त्यात आहेत. आणि एक फार महत्त्वाची सूचना: या जॅकच्या आत फक्त दोन थरांचं, बिनबाह्यांचं हलकं डब्लेट घालायचं आणि लांब पायमोजे त्याला बांधायचे. जॅक अंगावर सैल, तरंगता राहिला पाहिजे. गॅम्बेसन अंगाशी घट्ट नको, कारण कापड दबायला मागे मोकळी जागा असली तरच घाव मरतो.

गॅम्बेसन बनवायच्या दोन रीती आहेत, आणि त्यांत डावं-उजवं आहे. एक थरांवर थर रचायची, दुसरी दोन कापडांमध्ये कापूस किंवा चिंध्या भरून उभ्या नळ्या शिवायची. भरलेलं गॅम्बेसन दिसायला जाड असतं, पण टिपेच्या रेषेवर त्याची जाडी दोन कापडांइतकीच उरते, आणि टोकदार शस्त्र नेमकं तिथूनच घुसतं. शिवाय भरण काही दिवसांनी खाली सरकतं, खांदा रिकामा होतो. थरांच्या गॅम्बेसनमध्ये ही कमजोर रेष नसते. मात्र पंचवीस थरांतून सुई काढताना हात भरून येतात, म्हणून बाजारातले स्वस्त नग बहुतेक भरलेलेच मिळतात.

कड्यांच्या चिलखताखाली हे गादीसारखं काही लागायचंच. कड्या धार अडवतात. प्रतापगडावर १६५९ मध्ये अंगरख्याखालच्या चिलखताने काय केलं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पण कड्यांची जाळी लवचीक असते. गदेचा किंवा जड तलवारीचा आघात तिच्यातून तसाच हाडापर्यंत पोचतो. कातडी शाबूत राहते, फासळी मोडते. तो आघात पसरवायला खाली जाडी हवी.

पोलादी पत्रा इथेच वेगळा पडतो. तो वाकत नाही. बाकदार असल्याने घाव घसरवतो, आणि जो बसतो तो सबंध छातीवर वाटून देतो. आत बोटभर गादी ठेवून आणखी फारसं काही मिळत नाही, जातं मात्र बरंच: कोपर पूर्ण मिटत नाही, कंबर जाड होते, अंग तापतं. कवचाचा घाट अंगाला धरून असतो. छातीचा पत्रा बरगड्यांच्या खाली, नैसर्गिक कंबरेवर आवळून बसतो आणि आपलं बरंचसं वजन तिथे टेकवतो. तिथेच जाड कापड आलं तर कंबरेचा खळगाच बुजतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

आता डब्लेट. पंधराव्या शतकाच्या मध्यातल्या, हेस्टिंग्ज हस्तलिखित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी पोथीत पायी द्वंद्वासाठी माणसाला कसं सज्ज करावं याचं छोटं टिपण आहे. आत सदरा नको, असं ते सुरुवातीलाच बजावतं. डब्लेट फस्टियनचं (एक जाडसर कापड), अस्तर साटिनचं, आणि कापडाला हवेसाठी भरपूर भोकं. तीस थर वगैरे कुठे नाहीत. जिथे नाड्या बसायच्या, म्हणजे दंडावर आणि छातीवर पुढून-मागून, तिथे मात्र शिवण भक्कम हवी. काखेत आणि कोपराच्या आतल्या घडीत कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवायचे. गुडघ्याला पायाचं कवच घासू नये म्हणून पातळ ब्लँकेटच्या पट्ट्या. पूर्ण टिपणात मऊपणासाठी म्हणून काही सांगितलं असेल तर ते एवढंच.

नाड्यांबद्दल तर ते फारच काटेकोर आहे. क्रॉसबोची, म्हणजे घोडा लावलेल्या आडव्या धनुष्याची, दोरी करतात तसल्या बारीक सुतळीच्या नाड्या करायच्या आणि त्यांना चांभाराचं मेण लावायचं, म्हणजे त्या ताणणार नाहीत आणि तुटणारही नाहीत. बुटांच्या साध्या लेसने काम भागवणाऱ्यांचं दंडाचं कवच थोड्याच वेळात मनगटाकडे का घसरतं, याचं उत्तर त्यात आहे. नाडी ताणली की कवच उतरतं. नाडीच्या टोकांना धातूची टोपणं हवीत, नाहीतर भोकात घालताना धागे पिंजतात. भोकं कात्रीने कापू नयेत. आरीने धागे बाजूला सारून भोक पाडावं आणि सभोवती काजासारखे दाट टाके घालावेत. कापलेलं भोक ओढाखाली फाटत जातं. भोकं जोडीने पाडावीत, आणि त्यांच्या मागे अस्तराच्या आतून कॅनव्हासचा तुकडा द्यावा.

पायांचं कवचही बहुधा डब्लेटच्या खालच्या कडेला किंवा वेगळ्या कंबरपट्ट्याला बांधतात. दोन्ही पायांचं मिळून साधारण सहा-सात किलो. डब्लेट कंबरेला आवळ असेल तर हे वजन नितंबाच्या हाडांवर जातं. सैल असेल तर खांद्यांवर, आणि खांद्यांवर आधीच बाहूंचा भार असतो. म्हणून कापड न ताणणारं हवं आणि पुढची नाडी किंवा बटणं जवळजवळ हवीत. गॅम्बेसन सैल, डब्लेट आवळ: खरेदी करताना एवढी खूण पुरेशी आहे.

बाहीचा काट हा दुसरा कळीचा भाग. फ्रान्समध्ये ल्यों इथल्या वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्लवा या सरदाराचा रेशमी अंगरखा जपून ठेवला आहे (हा सरदार १३६४ मध्ये लढाईत पडला). तो लढाईचा कपडा नाही, पण त्याची बाही पाहण्यासारखी आहे. ती छातीवर आणि पाठीवर खोल, गोल शिरते, आणि काखेत मात्र उंच बसते. काख खाली उतरलेली असली की हात वर करताना सबंध कपडा वर ओढला जातो, आणि त्याला बांधलेलं पायांचं कवचही. तपासायला सोपं आहे: डब्लेट बांधून दोन्ही हात डोक्यावर न्या. खालची कड दोन बोटांहून जास्त उचलली तर बाही उसवून पुन्हा बसवा. याच्यावर कवच चढवण्यात अर्थ नाही.

काखेतल्या जाळीचा मुद्दा थोडा सविस्तर घ्यायला हवा. पत्र्याखाली पूर्ण चिलखत घालणं म्हणजे आठ-नऊ किलो जास्तीचे, आणि त्यातले निम्म्याहून अधिक अशा जागी जिथे पत्रा आधीच आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी काखेचे आणि कोपराचे तुकडे, कड्यांचा घागरा आणि गळपट्टी एवढंच ठेवलं. इटलीत मात्र पत्र्याखाली पूर्ण चिलखत पुढेही बराच काळ टिकलं, त्यामुळे 'पंधराव्या शतकात कोणीच घालत नसे' असं म्हणणंही चूकच. तुकडे शिवताना पत्र्याच्या कडेखाली निदान तीन-चार बोटं आत जातील असे घ्यावेत, हात वर गेल्यावर फट पडू नये. जाळी एका दिशेला जास्त ताणते, दुसऱ्या दिशेला कमी. ताणणारी दिशा हाताच्या हालचालीबरोबर ठेवावी. कड्या रिव्हेट मारलेल्याच हव्यात. नुसती टोकं जुळवलेली कडी भोसकल्यावर उघडते, आणि काख ही भोसकण्याचीच जागा. मेणाच्या धाग्याने काठाची प्रत्येक कडी शिवावी, धागा कपड्याहून वेगळ्या रंगाचा घ्यावा. घामाने जाळी गंजते आणि गंजाखालचं कापड कुजतं, तेव्हा धुण्याआधी तुकडे उसवावे लागणार हे धरूनच चालावं.

टिपा घातलेला प्रत्येक कपडा आतलाच असतो असंही नाही. ब्लॅक प्रिन्स म्हणून ओळखला जाणारा इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड १३७६ मध्ये वारला. त्याचा कँटरबरी कॅथीड्रलमधला टिपांचा कोट कवचाच्या वरून घालायचा होता, राजचिन्हं दाखवायला.

कवच बनवून घेणाऱ्याने क्रम उलटा करू नये. आधी डब्लेट शिवून घ्यावं, त्यात वाकून, बसून, हात फिरवून पाहावं, जाळी शिवावी, आणि मग त्याच्यावरूनच लोहाराला मापं द्यावीत. कंबर मोजताना पँटचा पट्टा येतो तिथे मोजू नये. बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते तिथे मोजावं. उघड्या अंगाचं माप देऊन नंतर जाड गॅम्बेसन घेतलं की छातीचा आणि पाठीचा पत्रा बाजूने जुळतच नाही, आणि मग दोष लोहाराला जातो.

डोक्याचं गणित तेवढं वेगळं. तिथे पत्र्याखाली चांगली भरलेली गादीच लागते, कारण घाव थेट कवटीवर येतो. ती शिरस्त्राणाच्या आतच शिवून बसवलेली असते, डब्लेटशी तिचा संबंध नाही.