खपली आणि लोकवन: इजिप्तचा पाव कोणत्या गव्हाचा?

प्राचीन इजिप्तमध्ये गव्हाचा पाव खात, हे बरोबरच आहे. पण तो गहू म्हणजे आपल्या डब्यातला लोकवन असं धरलं की पुढचं सगळं चुकतं. फेरो राजांच्या काळातला मुख्य गहू 'बेदेत', म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे खिरीला घेतात ती खपली. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडर तिथे पोहोचला. त्यानंतरच्या ग्रीक राजवटीत तिची जागा सुट्या दाण्याच्या गव्हाने घेतली.

फरक सुरू होतो मळणीलाच. लोकवनची ओंबी झोडपली की दाणा उघडा होतो. उफणलं की पोत्यात. खपलीची ओंबी झोडपली तर तिचे नुसते तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात बहुधा दोन दाणे टरफलात घट्ट बसलेले राहतात. तसंच दळलं तर पिठात टरफलाचे टोचरे तुकडे येतात.

म्हणून कांडण. अमार्ना या प्राचीन इजिप्शियन शहराच्या कामगार वस्तीत घरांच्या जमिनीत पुरलेली चुनखडीची उखळं सापडली आहेत. खपलीवर पाण्याचा हबका मारायचा आणि लाकडी मुसळाने कांडायचं. ओलाव्याने टरफल मऊ पडतं, घासून फाटतं आणि दाणा अख्खा सुटतो. कोरडं कांडलं तर दाण्याचाच चुरा होतो, पाणी जास्त झालं तर लगदा. मग उन्हात वाळवणं, चाळणं, पाखडणं आणि उरलेली फोलं हाताने निवडणं. खिरीचा गहू ओलवून सडणाऱ्या बाईला यातलं काही नवं वाटणार नाही.

दळण दगडी पाट्यावर, वरचा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलत. पीठ लवकर पडावं म्हणून त्यात वाळू घालत, असं अजूनही छापलं जातं. प्राचीन धान्यांच्या अभ्यासक डेल्वेन सॅम्युएल यांनी तशाच पाट्यावर खपली दळून पाहिली, तेव्हा वाळूशिवाय हवं तितकं बारीक पीठ निघालं.

दुसरा मोठा फरक कणकेत. लोकवनात ४२ गुणसूत्रं, खपलीत २८. पाव उंच फुगवणारी लवचिकता बरीचशी त्या जादा १४ मधून येते. खपलीत प्रथिनं भरपूर, पण ग्लूटेन सैल, त्यामुळे गोळा वर येण्याऐवजी पसरतो. अशा पिठाला साचा फार सोयीचा. सक्कारा इथल्या टी या अधिकाऱ्याच्या थडग्यात हे काम कोरलेलं आहे: घंटेच्या आकाराचे जाड मातीचे साचे एकावर एक रचून जाळावर तापवायचे आणि मग त्यांत सैल पीठ ओतायचं. आधी तापवायचं कारण सरळ आहे. थंड साच्याची जाड माती सुरुवातीची उष्णता स्वतःच पिते आणि पाव आत कच्चा राहतो. पुरातत्त्वज्ञ मार्क लेहनर यांच्या पथकाला १९९१ मध्ये गिझाला अशा साच्यांच्या भट्ट्याच सापडल्या.

घरी करून पाहायचं तर दुकानातली खपली सडलेलीच मिळते. ५०० ग्रॅम पीठ, साधारण ३५० मिली पाणी, १०० ग्रॅम आंबवण (आधी आंबवून ठेवलेलं पीठ). दोन-तीन मिनिटंच कालवा. लोकवनसारखं मळत बसलात तर चिकट होऊन हाताला धरेल. दुप्पट फुगायची वाट पाहू नका, दीडपट झालं की तापलेल्या झाकणाच्या भांड्यात २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. उशीर झाला तर मधोमध खड्डा पडतो. कापायच्या आधी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर सुरीला गिच्च लागेल.