लहान शहराचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प)

घरातलं वापरलेलं पाणी, म्हणजे संडास, बाथरूम, किचन, धुणंभांडी सगळ्याचं, नदीत सोडायच्या आधी स्वच्छ करणारा कारखाना म्हणजे एसटीपी. सरकारी कागदावर याला मलशुद्धीकरण केंद्र किंवा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प म्हणतात, बोलताना सगळे एसटीपीच म्हणतात. ही नोंद लहान शहरांपुरती आहे, म्हणजे आपल्याकडच्या 'ब' आणि 'क' वर्ग नगरपरिषदा, लोकसंख्या २५ हजार ते १ लाख. मोठ्या महापालिकांकडे वेगळं ड्रेनेज खातं असतं, लहान गावात मात्र एकच इंजिनिअर पाणीपुरवठा पण बघतो, रस्ते पण बघतो आणि आता हा प्रकल्प पण त्याच्याच टेबलावर येतो, त्यामुळे इथल्या प्लॅनिंगच्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत.

कायद्याने बघितलं तर ही जबाबदारी नगरपरिषदेचीच. १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याप्रमाणे प्रक्रिया न करता सांडपाणी नदीनाल्यात सोडता येत नाही. प्रत्यक्षात काय आहे ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात दिसतं: देशातल्या शहरांतून दिवसाला ७२,३६८ एमएलडी सांडपाणी निघतं (एक एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर), बसवलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी, आणि खरोखर प्रक्रिया होतं ते २०,२३६ एमएलडी. यातला दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवून बघा. प्लांट बांधलेत, पण बांधलेल्या क्षमतेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वापरातच नाही. नवीन प्लांटचं प्लॅनिंग करणाऱ्याने सुरुवात याच फरकापासून करायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण नदी निविदेने साफ होत नाही, चालू प्लांटने होते.

पाणी किती येणार

पहिला हिशोब लिटरचा. केंद्र सरकारच्या मलनिस्सारण मॅन्युअलप्रमाणे भुयारी गटार असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के गटारात येतं असं मानतात, म्हणजे माणशी १०८ लिटर. ४० हजारांच्या गावाला हे ४.३२ एमएलडी झालं. पण पाणी दिवसभर सारखं येत नाही, सकाळी सहा ते नऊ सगळं गाव एकदम अंघोळीला, म्हणून २० ते ५० हजार वस्तीसाठी सरासरीच्या अडीचपट प्रवाह धरून पाइप आणि पंप ठरवतात.

आता गंमत अशी की कित्येक गावांत नळाला पाणी एक दिवसाआड येतं, माणशी १३५ लिटर कधी मिळतच नाही. समजा ८० लिटरच मिळतं, तर सांडपाणी माणशी ६४ लिटर, गावाचं २.५६ एमएलडी. त्यात ३० वर्षांनंतरची लोकसंख्या ७० हजार धरून साडेसात एमएलडीचा प्लांट बांधला तर उद्घाटनाच्या दिवशी तो एक तृतीयांश भरणार, बाकी मोठमोठ्या टाक्या आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारी यंत्रं) नुसते बसून राहणार, आणि मशिनरीचं आयुष्य तर १५ वर्षंच धरलेलं असतं. म्हणून टप्प्याटप्प्याने बांधायचं: जागा ३० वर्षांची घ्या, मुख्य पाइप ३० वर्षांच्या हिशोबाने टाका, पण टाक्या आणि मशिनरी आज लागेल तेवढीच, शेजारी दुसऱ्या टप्प्याची जागा मोकळी ठेवा. हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे, तरी अनुदान एकदाच मिळतं म्हणून सगळं एकदम बांधून घ्यायचा मोह होतो.

दुसरा हिशोब घाणीचा. पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवायला जंतूंना जेवढा ऑक्सिजन लागतो त्याला बीओडी म्हणतात. माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरला की १०८ लिटरमध्ये तो लिटरला २५० मिलिग्रॅम येतो, म्हणून बहुतेक डिझाइनमध्ये २५० हाच आकडा दिसतो. पण तुमच्या गावच्या गटारात खरंच २५० आहे का हे बघायला नाल्यांचे नमुने घ्यावे लागतात, तेही उन्हाळ्यात, पावसाळ्यात, सकाळी, रात्री. नाल्यात विहिरींचा पाझर, पाटाचं पाणी, फुटक्या पाइपलाइनचं पाणी सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे बीओडी खूप कमी निघू शकतो, आणि २५० साठी बनवलेल्या टाकीत पातळ पाणी आलं की घाण खाणाऱ्या जंतूंना खायलाच मिळत नाही, त्यांचा गाळ धरत नाही. चार दिवसांचं सॅम्पलिंग वाचवून पुढची १५ वर्षं चुकीची मशीन चालवायची, हे कुठल्याच नगरपरिषदेने करू नये.

प्लांटपर्यंत येणारा पाइप

लहान शहरांत खरी लढाई इथे असते. प्लांट एका कोपऱ्यात, कुंपणाच्या आत, दोन वर्षांत उभा राहतो. भुयारी गटार योजना मात्र प्रत्येक गल्लीतून जाते, रस्ता खोदावा लागतो, जुन्या पेठेत गल्ली आठ फुटांची, खाली नळाची लाइन, केबल, कुठे काळा पाषाण. पाइपला उतार असा द्यावा लागतो की पाणी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने धावलं पाहिजे, नाहीतर गाळ बसतो, म्हणून सपाट गावात पाइप खोल खोल जातो आणि मध्ये पंपिंग स्टेशन घ्यावं लागतं. आणि एवढं करून लाइन टाकली तरी शेवटचे दहा फूट राहतात, घरजोडणीचे. डिपॉझिट कोण भरणार, अंगणातली फरशी कोण फोडणार, यावरून घरं जोडलीच जात नाहीत. घरजोडणीचा खर्च मूळ डीपीआरमध्येच (सविस्तर प्रकल्प अहवालात) धरला तर हा प्रश्न बराच सुटतो.

यावरचा जवळचा रस्ता म्हणजे नाला अडवून वळवणं. गावाचं सगळं सांडपाणी शेवटी दोन-चार नाल्यांतूनच नदीला मिळतं, तिथे छोटा बंधारा घालायचा, जाळी लावायची आणि पाणी पाइपने प्लांटला न्यायचं. खर्च कमी, काम लवकर, आणि नदीत थेट पडणारी घाण निदान आठ महिने थांबते. पावसाळ्यात मात्र नाला बंधाऱ्यावरून वाहतो आणि जे असेल ते नदीत जातं, शिवाय गल्लीतली उघडी गटारं, डास, वास तसेच राहतात. पैसे कमी असतील तर मी आधी हेच करा म्हणेन, पण गटार योजना झाली असं मात्र म्हणू नये.

वाई आणि सिन्नर: पाइप नसताना काय केलं

सातारा जिल्ह्यातलं वाई, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६ हजार, कृष्णेच्या काठावर घाट आणि देवळं, ढोल्या गणपती. अशा गावात बहुतेक घरांना संडासची टाकी असते. टाकी भरली की वरचं पाणी गटारात आणि गटार नदीकडे, आणि टाकी उपसायची कधी, तर तुंबल्यावर. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसली नाही तर तिच्यात गाळच गाळ भरतो आणि ती नावापुरती टाकी राहते, मैला आला तसा बाहेर.

वाईने २०१८ पासून टाक्या उपसायचं वेळापत्रकच लावलं. वॉर्डावार सक्शन गाडी येते, प्रत्येक मिळकतीची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसली जाते, त्यासाठी घरमालकाने वेगळा फोन करायचा नाही की त्या वेळी पैसे द्यायचे नाहीत, खर्च मालमत्तेवरच्या स्वच्छता करातून निघतो आणि ठेकेदाराला कामाप्रमाणे पैसे मिळतात. उपसलेला मैला माळावर ओतायचा नाही तर दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, तिथे तो वाळवून उष्णतेने त्याचा कोळसा केला जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच पद्धत घेतली, तिथेही ७० हजार लिटरचंच केंद्र आहे. देशात पूर्ण शहरासाठी असं वेळापत्रक लावणारी ही पहिली गावं, आणि दोन्ही नगरपरिषदांना अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची तांत्रिक मदत होती.

याने सांडपाण्याचा प्रश्न संपतो का, तर नाही. मोरीचं आणि टाकीवरून वाहणारं पाणी गटारातच असतं, त्याला एसटीपी लागतोच. पण टाक्या वेळेवर उपसल्या की गटारातल्या पाण्यातली घाण कमी होते, आणि हे काम दहा वर्षं थांबून नाही, पुढच्या सहा महिन्यांत सुरू करता येतं. २०२१ ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात १ लाखाखालच्या शहरांना सांडपाण्यासाठी वेगळा निधी ठेवलाय, त्यातून दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करता येतो.

कुठलं तंत्र

मूळ कल्पना एकच: पाण्यातली घाण जंतूंना खाऊ घालायची, त्यांना हवा द्यायची, मग त्यांना खाली बसू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. हा शोध १९१४ चा, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी लावला, आणि त्यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे दोनच वर्षांत बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले.

आज निविदेत सगळ्यात जास्त दिसतं ते एसबीआर. यात हवा देणं, गाळ बसवणं आणि पाणी उपसणं एकाच टाकीत पाळीपाळीने होतं, जागा कमी लागते, पाणी चांगलं निघतं, आणि सगळं कॉम्प्युटरवर चालतं. गोव्यात पणजीजवळ टोंक इथे याच पद्धतीचा १२.५ एमएलडीचा प्लांट आहे. एमबीबीआरमध्ये प्लास्टिकच्या चकत्यांवर जंतू वाढवतात. दुसऱ्या टोकाला ऑक्सिडेशन पाँड, नुसती उथळ तळी, ऊन, शेवाळ आणि वेळ, वीज जवळपास शून्य पण जागा एमएलडीमागे हेक्टरच्या हिशोबात. मधला मार्ग नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेला फायटोरिड, खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावून त्यांच्या मुळांतून पाणी सोडायचं.

माझं मत विचाराल तर २ एमएलडीच्या आतल्या गावाने, माळाची जागा असेल तर, तळी आणि वनस्पतींचे वाफे आधी तपासावेत, कारण तिथे बिघडायला फार काही नाही. एसबीआर वाईट नाही, पण सेन्सर बंद पडला तर तो दुरुस्त करणारा माणूस पुण्याहून येईपर्यंत काय, हे ठरवूनच घ्यावा. नियम मात्र सगळ्यांना आहेत. २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २० आणि इतर ठिकाणी ३० मिलिग्रॅम होता, राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तो १० वर आणायला सांगितला, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या मर्यादाही घातल्या. नायट्रोजन-फॉस्फरस हे नदीतल्या जलपर्णीचं खत आहे, त्यामुळे ते काढायचं म्हटलं तर नुसत्या तळ्यांनी भागत नाही, पुढे अजून एक पायरी जोडावी लागते, हेही मान्य केलं पाहिजे.

जागा

पाणी उताराने येतं म्हणून प्लांट गावाच्या सगळ्यात खालच्या बाजूला, म्हणजे नदीकाठी, आणि पूरही तिथेच येतो. पाटबंधारे खात्याची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २०१९ आणि परत २०२१ ला जे बघितलं त्यानंतर निदान पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि ब्लोअर तरी लाल रेषेच्या वर असलेच पाहिजेत, टाक्या बुडाल्या तर धुता येतात, मोटर जळली की महिने जातात. जागा विकास आराखड्यात आधीपासून आरक्षित असेल तर बरं, नाहीतर शेजारचे शेतकरी आणि कॉलनीवाले विरोध करतात, आणि त्यांचा राग बिनबुडाचा नसतो, बंद पडलेल्या प्लांटचा वास त्यांनीच सोसायचा असतो. त्यांना आधी एखादा चालू प्लांट दाखवून आणावा.

पैसा आणि रोजचं चालवणं

कागदांचा प्रवास ठरलेला: सल्लागार डीपीआर करतो, सर्वसाधारण सभेत ठराव, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, नगरविकास खात्याची प्रशासकीय मान्यता, प्रदूषण मंडळाची संमती, मग निविदा. पैसे अमृत, नगरोत्थान, स्वच्छ भारत या सरकारी योजनांतून, आणि स्वतःचा हिस्सा. बांधायला अनुदान मिळतं, लाइट बिलाला नाही. ठेकेदाराची प्लांट चालवायची पाच वर्षं संपली की बिल, केमिकल, ऑपरेटरचा पगार सगळं नगरपरिषदेवर येतं आणि पैसे नसले की पहिला बंद होतो तो ब्लोअर, कारण तो बंद केलेला बाहेरून कुणाला कळत नाही. जंतूंना मात्र काही तासांतच कळतं. म्हणून मलनिस्सारण कर किती लावणार हे प्लांटच्या ठरावाबरोबरच ठरलं पाहिजे, नंतर नाही.

शुद्ध झालेलं पाणी विकताही येतं. नागपुरात भांडेवाडीच्या प्लांटचं पाणी औष्णिक वीजनिर्मितीला दिलं जातं. लहान गावाला एवढा मोठा गिऱ्हाईक नसतो, पण एमआयडीसी, बांधकामं, रस्त्याकडेची झाडं असतात, आणि ऊस तर आत्ताही नाल्याच्या कच्च्या पाण्यावर मोटर लावून काढला जातोय, तिथे प्रक्रिया केलेलं पाणी देणं केव्हाही चांगलं. गाळाचं खत होतं, फक्त गटारात डाइंग किंवा प्लेटिंगवाल्यांचं पाणी शिरलेलं नसलं पाहिजे, नाहीतर जड धातू गाळात उतरतात आणि मग तो शेतात टाकता येत नाही.

आणि माणूस मॅनहोलमध्ये उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टाकी साफ करायला लावणं हा गुन्हा आहे, तरी आत साचलेल्या वायूने माणसं मरतात. जेटिंग मशीन आणि सक्शन गाडी प्लांटच्याच अंदाजपत्रकात घ्यावी.

प्लांट नीट चालतोय का हे बघायला नगरसेवकाला इंजिनिअर असावं लागत नाही. ऑपरेटरला सांगायचं, हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भर आणि अर्धा तास ठेव. चांगला गाळ तपकिरी असतो, एकमेकाला धरून खाली बसतो, २०० ते ४०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत, आणि वर नितळ पाणी दिसतं. काळा पडला, वास आला किंवा बसलाच नाही, तर ब्लोअर कधीपासून बंद आहे ते तिथेच विचारायचं.